पीथमपूरची गाडी, देवासचे तळे

धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला 'नॅट्रॅक्स' ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था आहे. सुमारे एक हजार एकरांच्या तिच्या आवारात ११.३ किलोमीटर लांबीचा, चार पदरी, लंबवर्तुळाकार मार्ग आहे. २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा आशियातला सर्वांत लांब वेगवान चाचणीमार्ग म्हणून त्याच्या बातम्या झळकल्या. या मार्गावर होणारी एक चाचणी मात्र वेगाची नाही. गाडी ठरलेल्या वेगापर्यंत नेतात, गिअर काढून न्यूट्रल करतात, आणि ती आपोआप किती वेळात मंदावते ते टिपत राहतात. इंजिन काहीच जोर लावत नसते, त्या थोड्या वेळात टायर, बेअरिंग आणि हवा मिळून गाडीला किती मागे ओढतात ते नेमके कळते. ही ओढ पेट्रोलच्या गाडीला असते तशीच बॅटरीच्या गाडीलाही असते. गाडीला किती काम करायचे आहे हे आधी ठरते. ते काम कोणत्या इंधनाच्या जोरावर करायचे हा प्रश्न नंतरचा. खनिज तेल कमी करण्याच्या आपल्याकडच्या चर्चेत हा क्रम उलटा झाला आहे. पेट्रोलऐवजी काय, डिझेलऐवजी काय, प्लास्टिकऐवजी काय, एवढेच विचारले जाते. ज्या कामासाठी हे सगळे वापरायचे, त्या कामाचे मोजमाप सहसा होत नाही. ते आधी झाले, तर तेलाची मोठी बचत इंधन बदलण्याआधीच हाती लागते, आणि कोणता बदल खरा व कोणता दिखाऊ हेही लवकर कळते. धार आणि देवास या दोन जिल्ह्यांत याचे पुरावे इतके जवळजवळ आहेत की ते एकत्र मांडणे सोपे जाते.

मराठी वाचकाला ही दोन गावे पवारांची संस्थाने म्हणून आणि देवास कुमार गंधर्वांचे गाव म्हणून ओळखीची असतात. गेल्या चाळीस वर्षांत त्यांची दुसरी ओळख घडली, तीही बरीचशी मराठी मुलखाशी जोडलेली आहे. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, पीथमपूरला कारखाना काढला. गिअर नसलेली, बटण दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा स्कूटर तिथेच बनायची. आयशर तिथे ट्रक बनवते, आणि आयशर व व्होल्वो यांच्या भागीदारीतल्या कारखान्यातून २०१३ पासून मध्यम आकाराची डिझेल इंजिने युरोपलाही जातात. देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप, गजरा गिअर्सची दातेरी चक्रे, कमिन्सचे टर्बोचार्जर, जॉन डिअरचे ट्रॅक्टर असा कारभार आहे. खनिज तेल जाळणारी यंत्रे बनवणे हाच या पट्ट्याच्या पोटापाण्याचा मोठा आधार आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होत असताना तेल कमी करण्याचा प्रश्न तिथे केवळ पर्यावरणाचा राहत नाही.

आधी गाडीचेच पाहू. ओढ मोजण्याच्या त्या चाचणीतून दोन गोष्टी ठळक दिसतात. कमी वेगाला टायर आणि रस्ता यांच्यातला विरोध जास्त जाचतो. वेग वाढला की हवा भारी पडते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला हवा दीडपटीहून जास्त मागे खेचते. त्यामुळे वेगमर्यादा अपघात टाळण्यासाठी जितकी आहे तितकीच इंधन वाचवण्यासाठीही आहे, आणि तिला एक रुपयाचीही गुंतवणूक लागत नाही. दुसरी गोष्ट टायरची. ट्रकच्या रबरी टायरला लोळताना जो विरोध होतो, त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच विरोध पोलादी रुळावर धावणाऱ्या पोलादी चाकाला होतो. वाहनांचा एवढा मोठा उद्योग असलेल्या धार जिल्ह्याला मात्र रेल्वेची फार वाट पाहावी लागली. इंदूर–दाहोद मार्गाची पायाभरणी २००८ साली झाली आणि पुढची दीड दशके काम रेंगाळत राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरचा इंदूर–मनमाड मार्ग १८,०३६ कोटी रुपये खर्चून बांधायला मंजुरी दिली. नाशिक, धुळे, बडवानी, खरगोन, धार आणि इंदूर या जिल्ह्यांतून तो जाणार आहे, आणि पीथमपूरचा माल थेट न्हावा-शेवा बंदराकडे नेणे हा त्याचा एक उघड हेतू आहे. मुंबई–आग्रा रोडचे घाट चढत जाणारे ट्रक विजेवर कधी चालतील याची वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग वेळेत पुरा होणे तेलाच्या हिशेबात जास्त मोलाचे आहे, असे माझे मत आहे. मालाचा ट्रक विजेवर नेला तरी रबरी टायरचा विरोध तसाच राहतो. मालगाडीत तो विरोधच कमी होतो.

इंजिन बदलण्याचा मुद्दा येतो तो यानंतर, आणि तिथेही सगळी वाहने एका मापाने मोजून चालत नाही. विजेवरच्या गाडीवर नेहमीचा आक्षेप असतो, की मध्य प्रदेशातली वीज मुख्यतः कोळशाची. मग धूर पीथमपूरहून उचलून खंडवा जिल्ह्यातल्या सिंगाजी वीज केंद्रावर नेऊन ठेवला, यात मिळवले काय? आक्षेप रास्त आहे, त्याचे उत्तर आकड्यांत द्यायला हवे. पेट्रोलची स्कूटर शंभर किलोमीटरला दोन लिटरांहून थोडे जास्त पेट्रोल पिते, त्यातून सुमारे पाच किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेवढेच अंतर विजेच्या स्कूटरने कापायला वहनातली आणि चार्जिंगमधली गळती धरून चारेक युनिट वीज निर्माण करावी लागते. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हिशेब तीन किलोच्या आतबाहेर येतो. कोळसा जमेस धरूनही फायदा उरतो, कारण छोटे पेट्रोल इंजिन जाळलेल्या इंधनातली बहुतेक उष्णता वाया घालवते आणि विजेची मोटर फार थोडी. बॅटरी बनवताना जो कार्बन हवेत जातो तो दहा-पंधरा हजार किलोमीटर धावल्यावर फिटतो. रोज वापरातल्या स्कूटरला हे अंतर दीड-दोन वर्षांचे.

शहरातल्या बसचा हिशेब मात्र इतका एकतर्फी नाही. वातानुकूलित डिझेल बस एका किलोमीटरला किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि त्याच आकाराची विजेची बस आजच्या कोळशाच्या विजेवर जवळपास त्याच आकड्यापाशी पोचते. मोठे डिझेल इंजिन मुळात छोट्या पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच कार्यक्षम असते. विजेच्या बसने रस्त्यावरचा धूर आणि गोंगाट जातो, हे लहान मुलांच्या फुप्फुसांसाठी मोठेच काम आहे. हवामानाचा लाभ मात्र वीज स्वच्छ होईल तसतसा पदरात पडेल. म्हणून प्राधान्य ठरवायचे तर दुचाकी आधी. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन आणि विश्लेषण कक्षाने २०१३ साली करवून घेतलेल्या पाहणीत पंपांवर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकींत जाते असे आढळले होते. वर्तमानपत्रांत फोटो येतात ते महागड्या विजेच्या मोटारींचे, पण तेलाचा मोठा वाटा साध्या स्कूटर-मोटरसायकलींत आहे. वीज स्वच्छ होण्याची चिन्हेही दूर नाहीत. देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवर नव्वदच्या दशकापासून पवनचक्क्या फिरत आहेत. शाजापूर, आगर आणि नीमच या माळव्यातल्याच जिल्ह्यांत मिळून १,५०० मेगावॉटचे सौर प्रकल्प उभे राहिले, आणि २०२१ च्या लिलावात नीमचच्या विजेचा दर २ रुपये १४ पैशांपर्यंत उतरला. पावसाळ्यात ऊन कमी असते तेव्हाच वारा जोरात असतो, हे माळव्याच्या पठाराचे भाग्यच म्हणायचे.

पण काम आधी मोजण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा गाड्यांत नाही, देवासच्या शेतांत आहे. नव्वदच्या दशकाच्या तोंडावर देवास शहराला रेल्वेने पाणी आणून पाजावे लागले होते. खेड्यांत त्याआधीपासूनच बोअरवेलची स्पर्धा लागली होती. सोयाबीननंतर रब्बीला गहू-हरभरा घ्यायचा तर पाणी हवे. शेजाऱ्याचा बोअर खोल गेला की आपलाही खोल न्यायचा, आणि पाणी आणखी खाली. आता यातले काम मोजू. एक हजार लिटर पाणी एक मीटर वर चढवायला किती ऊर्जा लागते हे भौतिकशास्त्राने ठरवून दिले आहे, त्यात कोणत्याही कंपनीच्या पंपाला घासाघीस करता येत नाही. पाणी ५०० फुटांवर गेले असेल, आणि पंप, मोटर व पाइप यांची मिळून कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर दर हजार लिटरमागे सुमारे एक युनिट वीज लागते. एकरभर गव्हाला एक पाणी द्यायचे म्हणजे साधारण दोन लाख लिटर, म्हणजे २०० युनिट. चार पाण्यांचे ८०० युनिट. कोळशाच्या भाषेत बोलायचे तर एकरी अर्ध्या टनाहून अधिक कोळसा, फक्त पाणी वर आणण्यासाठी. तेच पाणी शेतातल्या तळ्यातून पाच मीटर उचलायचे असेल तर चार पाण्यांना तीसेक युनिट पुरतात. इंधन कोणतेही न बदलता, पंपही किर्लोस्करचाच ठेवून, पंचवीस-तीस पट बचत!

२००६ च्या सुमारास देवासचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी नेमके हेच शेतकऱ्यांपुढे मांडले. भगीरथ कृषक अभियान या नावाने ही मोहीम ओळखली जाते आणि तिच्यातल्या तळ्यांना 'रेवासागर' म्हटले गेले. तिची रीत सरकारी योजनांपेक्षा वेगळी होती. सुरुवात छोट्या शेतकऱ्याला अनुदान देऊन झाली नाही. जमीन, ट्रॅक्टर आणि पत असलेल्या मोठ्या शेतकऱ्यांना, म्हणजे ज्यांनी सर्वाधिक बोअर मारले होते त्यांनाच, आपल्या रानाचा दहावा हिस्सा तळ्यासाठी काढायला राजी केले गेले. टोंकखुर्द तालुक्यापासून सुरू होऊन जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली. दहावा हिस्सा गमावण्याची शेतकऱ्याला वाटणारी भीती खोटी नव्हती, तिचेही उत्तर हिशेबातच आहे. दहा एकरांच्या रानात एक एकर तळे सरासरी तीन मीटर खोल केले तर त्यात सव्वा कोटी लिटरच्या आसपास पाणी मावते. उन्हाने आणि झिरपण्याने निम्मे गेले तरी उरलेल्या नऊ एकरांना तीन पाणी सहज होतात. हरभऱ्याला ती भरपूर झाली, आणि गव्हाच्या कमी पाण्यावरच्या वाणांनाही पुरतात. पूर्वी जी जमीन रब्बीत पडीक राहत होती ती पिकाखाली आली, तेव्हा दहावा हिस्सा गेल्याचे दुःख फार काळ टिकले नाही. माळव्याची काळी माती पाणी धरते, म्हणून या तळ्यांना अस्तराची गरज सहसा पडत नाही. जे थोडे झिरपते ते आसपासच्या विहिरींना मिळते.

इथे महाराष्ट्राशी तुलना करणे भाग आहे. नाशिक, अहिल्यानगरकडच्या फळबागांच्या पट्ट्यात शेततळी आहेत, पण त्यांतली पुष्कळ जाड प्लास्टिकच्या कागदाने अस्तरलेली आहेत आणि बोअरचे पाणी उपसून भरली जातात. एकदा जमिनीतून पाणी वर काढायचे, उघड्यावर वाफेला द्यायचे आणि पुन्हा पंपाने बागेला द्यायचे. त्यात तळाला अंथरलेला कागदही तेलापासूनच बनलेला. बाहेरून तळे तेच दिसते, काम मात्र दुप्पट झालेले असते. दुष्काळात बाग जगवण्यासाठी शेतकरी हे करतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण अशा तळ्याला जलसंधारण म्हणणे चूक आहे. सौर कृषिपंपांचेही असेच. २०१९ पासूनची पीएम-कुसुम योजना, महाराष्ट्रातली 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना, यांनी डिझेल आणि रात्रीची वीज यांतून शेतकऱ्याची सुटका होते, हा फायदा खरा आहे. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाण्याचे हाल ज्यांना ठाऊक आहेत ते या योजनांना नावे ठेवणार नाहीत. पण उन्हाची वीज फुकट, म्हणून ५०० फुटांवरचे पाणी दिवसभर उपसले तर पुढच्या वर्षी ते ६०० फुटांवर जाईल, आणि पंप व सौर पाट्या दोन्ही मोठ्या घ्याव्या लागतील. तळ्यावर बसवलेला तीन अश्वशक्तीचा सौरपंप आणि खोल बोअरवर बसवलेला साडेसात अश्वशक्तीचा सौरपंप यांना सारखेच हरित मानणारे धोरण मला पटत नाही.

याच माळव्याच्या रानात तेलाला पर्याय म्हणून आता मक्याकडे पाहिले जाते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले, आणि त्यात मक्याचा वाटा झपाट्याने वाढला. मका घेणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळाला ही चांगलीच गोष्ट आहे. पण सोयाबीन द्विदल आहे, हवेतला नत्र ते स्वतःच धरते. मक्याला मात्र हेक्टरी अडीच-तीनशे किलो युरिया लागतो. युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून आणि देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो. सोयाबीन घटले तर खाद्यतेलाची आयातही वाढते. मग जमिनीच्या एका तुकड्यातून किती काम मिळते ते पाहू. हेक्टरी साडेतीन टन मक्यापासून सुमारे १,३०० लिटर इथेनॉल निघते. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असल्याने त्यावर मोटार फार तर तेरा-चौदा हजार किलोमीटर धावेल. त्याच हेक्टरवर सौर पाट्या लावल्या तर वर्षाला सात-आठ लाख युनिट वीज मिळते आणि तिच्यावर विजेची मोटार चाळीस लाखांहून अधिक किलोमीटर धावते. फरक तीनशे पटींचा आहे. कोणी म्हणेल, सगळ्या शिवारात सौर पाट्या लावून खायचे काय? तसे करायचेच नाही. उलट इतक्या थोड्या जमिनीत काम भागत असेल तर उरलेले शिवार अन्नासाठी मोकळे राहते. भिजलेले, किडके धान्य आणि उसाची मळी यांपासून इथेनॉल जरूर करावे, त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. चांगल्या सोयाबीनच्या जागी इंधनासाठी मका पेरण्याचे समर्थन मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

रोजच्या वापरातल्या वस्तूंबद्दल एकच उदाहरण घेतो, कापडाचे. धार जिल्ह्यात कुक्षी तालुक्यातले बाग हे गाव ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध आहे. १९६२ च्या सुमारास खत्री कुटुंबे तिथे येऊन स्थिरावली, बागिनी नदीच्या वाहत्या पाण्यात कापड धुऊ लागली, आणि २००८ साली बाग छपाईला भौगोलिक मानांकन मिळाले. हिरड्यात भिजवलेले सुती कापड, तुरटीचा लाल ठसा, लोखंडाच्या गंजाचा काळा, मग तांब्याच्या कढईत धावड्याच्या फुलांबरोबर उकळणे, अशी ती रीत. हिला सरसकट नैसर्गिक म्हटले जाते. लाल रंग खुलवणारे अ‍ॅलिझरिन मात्र आज कारखान्यात बनते. मंजिष्ठेच्या मुळातले हे द्रव्य १८६८ मध्ये दोन जर्मन रसायनज्ञांनी दगडी कोळशाच्या डांबरापासून तयार केले, तेव्हापासून मुळे मागे पडली. म्हणून बागची छपाई फसवी ठरते का? मला तसे वाटत नाही. कापडाच्या वजनात रंग असतो शेकड्याला दोन-चार, बाकी सगळे वजन धाग्याचे. सुती कापडाचा धागा शेतातून येतो, तर पॉलिस्टरचा पूर्णपणे तेलातून. तेल कुठे मुरले आहे ते पाहायचे तर नजर आधी धाग्याकडे जायला हवी. कपाशीलाही युरिया लागतो, आणि पॉलिस्टर जास्त दिवस टिकते, हे दोन्ही आक्षेप बरोबर आहेत; रेनकोटला आणि गाडीच्या सीटबेल्टला कृत्रिम धागाच योग्य. पण चार वेळा घालून टाकून देण्याच्या बोलीवरच जो स्वस्त सदरा शिवला जातो, त्याच्या टिकाऊपणाचा उपयोग फक्त कचराकुंडीत होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बदनावर तालुक्यातल्या भैंसोला इथे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. निमाडचा कापूस तिथून जवळ आहे. त्या पार्कमध्ये पुढे किती कापूस आणि किती पॉलिस्टर विणले जाईल, हा धार जिल्ह्याच्या तेलाच्या हिशेबातला मोठा आकडा असेल.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटी घेतो, कारण तो माणसांचा आहे. इंजिन गेले तर पिस्टन, रिंग, सायलेन्सर, इंजेक्टर बनवणाऱ्यांचे काय? पीथमपूरच्या वाहन उद्योगात नव्वद मोठे आणि सातशे लहान-मध्यम कारखाने असल्याचे केंद्र सरकारनेच इंदूर–मनमाड मार्ग मंजूर करताना सांगितले. मोठे कारखाने बदल पचवतील. आयशरने विजेच्या बस कधीच रस्त्यावर आणल्या आहेत. गिअर बनवणाऱ्यालाही काम उरते, कारण मोटरचा प्रचंड वेग चाकाच्या वेगापर्यंत आणायला दातेरी चक्रे लागतातच. अडचणीत येईल तो एकाच कंपनीला एकच भाग पुरवणारा, वीस-पंचवीस कामगारांचा कारखाना. त्याच्या बाजूने वेळ आहे. या पट्ट्याची मुख्य उत्पादने ट्रक, ट्रॅक्टर आणि पंप. यांतले पहिले दोन डिझेल सोडणाऱ्यांत शेवटचे असतील आणि पंपाला विजेची सवय आहेच. पुढची दहा-पंधरा वर्षे लहान कारखान्याला नवी यंत्रे घ्यायला कर्ज मिळाले, आणि धार-देवासच्या आयटीआयमध्ये मोटर वाइंडिंग, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरी दुरुस्ती नीट शिकवली गेली, तर इंजिनावर हात बसलेला कामगार घरी बसणार नाही. यासाठी लागणारा पैसा विजेच्या मोटारीवर ग्राहकाला मिळणाऱ्या सवलतींच्या मानाने थोडा आहे, आणि तो आधी या सातशे कारखान्यांकडे वळवावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.